407 चा गिअरबॉक्स घरी खोलायचा का? आधी दुखणं बॉक्समध्येच आहे का ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावानं जुनी टाटा 407 घेतली. दुसऱ्यातून तिसरा टाकताना खर्र आवाज येतो आणि माल भरून चढाला लागलं की तिसरा आपोआप सुटून गाडी न्यूट्रल होते. शहरातल्या एका मिस्त्रीनं बॉक्स न उघडताच ‘पूर्ण बदला’ म्हणून सांगितलं. इकडं भावानं अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. ते घराच्या शेडमध्येच आपल्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलतात आणि परत बसवतात. मग आपण काहून नाही, असं त्याचं विचारणं आहे.

करता येतं, भाऊ. तुमच्या गाडीला मॅन्युअल बॉक्स आहे म्हणून इतक्या सहज म्हणतो.

आधी त्या व्हिडिओंचं सांगतो. माझी नोकरी वणीकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात गेली. तिथल्या मोठ्या डंपरांना ऑटोमॅटिक बॉक्स असतात आणि माल नेणाऱ्या साध्या ट्रकांना मॅन्युअल, त्यामुळं दोन्ही हाताखालून गेले. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे ऑइलमधून इंजिनचा जोर बॉक्सला देणारा डबा. आत प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात आणि त्यांना धरायला-सोडायला क्लच पॅक, म्हणजे घर्षणाच्या आणि स्टीलच्या चकत्या एकाआड एक. कोणता पॅक कधी धरायचा हे ऑइलच्या दाबावर चालतं आणि तो दाब वाटून देते व्हॉल्व्ह बॉडी. तिच्यातले व्हॉल्व्ह भोकात इतके नेमके बसतात की बारीक कचरा अडकला तरी गिअर पडत नाही. नव्या चकत्या आधी त्याच ऑइलमध्ये भिजवायच्या, प्रत्येक पॅकची मोकळीक फिलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची, मग हवेचा दाब देऊन पॅक दाबणारा पिस्टन उचलतो का ते पाहायचं. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, तो घरी उघडत नाही. जळालेल्या चकत्यांचा चुरा त्याच्यात आणि ऑइल कूलरमध्ये बसलेला असतो. ते दोन्ही साफ केले नाहीत तर नवीन काम जुन्याच चुऱ्यानं खराब होतं. शिवाय नव्या गाड्यांत शेवटी स्कॅनर लावून कंट्रोलरला सगळं परत शिकवावं लागतं. तिकडच्या माणसाला त्याच्या मॉडेलचं किट, मॅन्युअल आणि खास टूल घरपोच मिळतात. आपल्याकडं एखाद्या पिकअपचा ऑटोमॅटिक बॉक्स बिघडलाच तर तो उतरवून जाणत्या माणसाकडं पाठवावा. वावराच्या धुऱ्यावरच्या शेडमध्ये तो उघडू नये, असं माझं मत आहे. काही नव्या मालगाड्यांत क्लचचा पेडल नसतो, पण आत बॉक्स मॅन्युअलच असतो आणि क्लच-गिअरचं काम मोटर किंवा हवा करते. तो प्रकार निराळा, त्याला ऑटोमॅटिक समजून घाबरू नका.

आता तुमची 407. बॉक्स उतरवायच्या आधी एक दिवस फक्त निदानाला द्या. माझ्याकडं आलेल्या कितीतरी बॉक्सचं दुखणं बॉक्सच्या बाहेर निघालं आहे.

खर्र आवाज क्लचमुळंही येतो. गाडी उभी ठेवा, इंजिन स्लोवर असू द्या, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि हळूच रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सहसा सिंक्रो, म्हणजे गिअर लागायच्या आधी गती जुळवणारी रिंग-स्लीव्हची जोडणी, नसतो, म्हणून तो खरं सांगतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर रिव्हर्स करकरतो. मग पेडलची खेळ, क्लचचा सिलेंडर, क्लचचा फोर्क, प्रेशर प्लेट हे बघा, बॉक्सला हात लावू नका. रिव्हर्स शांतपणे पडला आणि फक्त तिसराच करकरला, तर संशय तिसऱ्याच्या सिंक्रो रिंगवर जातो.

गिअर सुटण्याचंही तसंच आहे. आधी लिव्हरच्या खालच्या बुशा, लिंकेज किंवा केबल, इंजिन आणि बॉक्सचे रबर माउंटिंग हलवून पाहा. माउंटिंग फाटलं असेल तर माल घेऊन चढताना इंजिन पीळ खातं, बॉक्स त्याच्याबरोबर हलतो आणि लिव्हर आपोआप ओढली जाते. स्वस्तातल्या रबरासाठी पूर्ण बॉक्स बदललेले लोक मी पाहिले आहेत. बेल हाउसिंगचे (बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या घराचे) बोल्ट ढिले आहेत का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

आवाजाचा हिशोब सोपा आहे. न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की बंद होते, तर इनपुट शाफ्टचं (क्लचकडून बॉक्समध्ये येणारा दांडा) किंवा ले-शाफ्टचं (त्याच्याकडून जोर घेऊन मागच्या मेनशाफ्टवरच्या गिअरांना देणारा खालचा दांडा) बेअरिंग गेलं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं) किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं). एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याखालचं निडल बेअरिंग. थेट गिअरमध्ये, म्हणजे इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट एकाच वेगानं फिरतात त्या गिअरमध्ये, जोर ले-शाफ्टवरून जात नाही, त्यामुळं त्या गिअरमध्ये आवाज बराच कमी झाला तर बोट ले-शाफ्टकडं दाखवा.

मग ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचा खालचा बूच. गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल कोमट असताना स्वच्छ पांढऱ्या टबमध्ये काढा. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असतोच, त्यानं घाबरायचं नाही. तो बोटांवर घेऊन चोळा. मेणासारखा गुळगुळीत लागला तर ती रोजची झीज. खडे टोचले, चपटे पापुद्रे निघाले किंवा दाताचा तुकडा दिसला तर उघडल्याशिवाय इलाज नाही. पापुद्रे बहुतेक बेअरिंगच्या रेसचे, म्हणजे गोळ्या ज्यांच्यात फिरतात त्या कड्यांचे असतात. टबातलं ऑइल उन्हात तिरकं धरून पाहा. सोनेरी चमक तरंगत असेल तर सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजताहेत आणि तुमच्या गाडीत मला तेच दिसेल असं वाटतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्यांकडं हे दर वर्षी येतं. गरम बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढलं जातं.

हा ब्रीदर म्हणजे बॉक्सच्या वरचं बोटाएवढं टोपण. आपल्या काळ्या मातीच्या चिखलानं ते बुजतं, आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येऊ लागतं. लोक सील बदलतात, महिन्याभरात परत गळतं, मग सीलवाल्याला शिव्या. आधी ब्रीदर साफ करा.

एवढं करूनही बोट तिसऱ्याकडंच गेलं, तर आता बॉक्स उतरवा. काम श्रावणात काढा, गाडी रिकामी उभी असते तेव्हा. दिवाळीनंतर कापूस निघाला की गाडीला दम नसतो आणि घाईत उघडलेल्या बॉक्सचा नट कुठंतरी ढिला राहतोच. उन्हाळ्यातल्या वाऱ्यात तर उघडूच नका. शेडच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधा.

उतरवताना जिवाचा धोका बॉक्सच्या वजनाचा आणि गाडी सरकण्याचा. जमीन सपाट हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, चेसिसखाली लोखंडी घोड्या. विटा नकोत, दगड नकोत, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीच जायचं नाही. काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम बॉक्सच्या मागेच असतो. तिथं प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) सोडला की हँडब्रेक चाकांना धरतच नाही, म्हणून ओंडके आधी. बॅटरीची वायर काढा. प्रोपेलरच्या फ्लँजवर छिन्नीनं किंवा रंगानं खूण करा, बसवताना तीच खूण जुळवायची. बॉक्स काढायला चेन कप्पी आणि लोखंडी तिपाई किंवा भाड्यानं मिळणारा ट्रान्समिशन जॅक आणा. निंबाच्या फांदीला कप्पी बांधायचा मोह होईल, तो आवरा. बॉक्स मागं सरळ ओढायचा आणि इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन आधारावर ठेवायचं. अर्धवट बाहेर आलेल्या शाफ्टवर बॉक्स लोंबला की क्लच प्लेटचा हब वाकतो.

धुवायला डिझेल किंवा रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश. पेट्रोल नको. पुसायला घरातला कापूस तर अजिबात नको, आपल्याकडं तो सगळ्यांत जवळ असतो म्हणून सांगतो. त्याचा तंतू बेअरिंगमध्ये राहतो. तंतू न सुटणारं जुनं धुतलेलं कापड चालतं. हवा मारताना बेअरिंग हवेनं गरगर फिरवायचं नाही, कोरडं फिरलं की रेसवर ओरखडे उठतात.

खोलताना जागा सोडून कुठलाही भाग ठेवू नका. एक प्लायवूड घ्या, खडूनं शाफ्टची रेघ काढा आणि भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं आणि त्याच तोंडानं मांडा. शिम (मोकळीक जुळवायच्या पातळ चकत्या) आणि वॉशर तारेत ओवा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, भागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते दिसेल असा. सिंक्रोचा हब (शाफ्टवर बसणारा) आणि स्लीव्ह (त्याच्यावर सरकून गिअरला लागणारी कडी) सारख्याच दिसल्या तरी दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून हब, स्लीव्ह आणि रिंगेवर एकाच रेषेत पंचची बारीक खूण करा.

सिलेक्टरचे रॉड काढताना विशेष जपा. लिव्हरनं हे रॉड सरकतात आणि त्यांच्यावरचे फोर्क स्लीव्ह ढकलतात. रॉडखाली स्प्रिंग आणि लोखंडी गोळी असते, ती गिअर जागेवर धरते. रॉड सुटला की गोळी सुसाट जाते, म्हणून भोकावर कापड धरा. दोन रॉडांच्या मध्ये आडवी छोटी पिन असते, तिला इंटरलॉक म्हणतात. ती पडली आणि तुम्हाला कळलं नाही तर एकाच वेळी दोन गिअर लागतात. मग बॉक्स जागच्या जागी अडकतो आणि कधी कधी दातांचा तुकडाही पडतो. ती पिन आणि गोळ्या झाकणाच्या डबीत वेगळ्या ठेवा, आणि कोणत्याही पोट्ट्याला त्या खेळायला देऊ नका.

आता मूळ जागेवर येऊ. तिसऱ्या गिअरला स्लीव्ह लागते ती त्याच्या बाजूच्या बारीक दातांना, ज्यांना आपण डॉग टीथ म्हणतो. हे दात नवे असताना थोडे उलट्या उताराचे कापलेले असतात, म्हणजे जोर आला की स्लीव्ह आत ओढली जाते. वर्षानुवर्षे करकर करून त्यांची टोकं गोल होतात, उतार पुसला जातो, मग तोच जोर स्लीव्हला बाहेर ढकलतो. तुमचा तिसरा चढावर जोर असताना सुटतो, म्हणजे दातांची ओढणारी बाजू पाहा. उतारावर पाय काढल्यावर सुटला असता तर दुसरी बाजू पाहिली असती. दात उजेडात बाजूनं धरा. टोक धारदार अन् दोन्ही उतार सारखे असतील तर चांगले, कडा गोल झाल्या किंवा चकाकणारा पट्टा दिसला तर गिअर बदलायचा. स्लीव्हच्या आतले दातही त्याच नजरेनं पाहा.

रिंग तपासायला फिलर गेज लागतं. पितळी रिंग गिअरच्या कोनावर दाबून बसवा आणि रिंग व डॉग टीथ यांच्यातली फट चार बाजूंनी मोजा. नक्की मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलची धरा. पण फट अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास उरली असेल तर माझ्या हिशोबानं ती रिंग संपली. रिंगेच्या आतले बारीक आटे हातानं चाचपा. ते टोकदार लागले पाहिजेत. तेच ऑइलचा थर कापून कोनाला धरतात. सपाट झाले की रिंग नुसती घसरते, गिअरची गती जुळत नाही आणि स्लीव्ह दातांवर आदळते. ऑइल लावलेल्या कोनावर रिंग दाबून पिळली की चांगली रिंग हाताला धरते, गेलेली सहज फिरते.

आणि इथं थांबू नका, राजेहो. रिंग आणि गिअर बदलून दिला, सहा महिन्यांनी तोच गिअर परत, अशा तक्रारी लय येतात. तिसराच काहून झिजला, हे शोधल्याशिवाय झाकण लावायचं नाही. त्याच स्लीव्हच्या दुसऱ्या बाजूचा गिअरही सुटत असेल तर फोर्क, रॉड किंवा हब. फोर्कची जीभ स्लीव्हच्या खोबणीत ढिली झाली असेल किंवा फोर्क वाकला असेल तर स्लीव्ह पूर्ण आत पोचतच नाही आणि नवे दातही अर्ध्या पकडीवर झिजतात. रॉडवरची गोळीची खाच पसरट झाली का, स्प्रिंग दुसऱ्या स्प्रिंगपेक्षा आखूड आहे का, तिसऱ्याखालच्या निडल बेअरिंगमुळं गिअर शाफ्टवर डुलतो का, मेनशाफ्टच्या बेअरिंगला खेळ आहे का, हे सगळं बघा. या झिजेचं एक कारण चालक असतो. गाडी चालवताना डावा हात लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय फोर्क खाते. दुसरं, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायचं आणि वेगात परत गिअर ठोकायचा. इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि रिंगांचा चुरा होतो. माल म्हणाल तर कापूस दिसायला डोंगर, पण वजनाला हलका. बॉक्सला मारतात ती सोयाबीनची आणि तुरीची पोती, अन् रेती.

बॉक्स उघडलाच आहे तर सगळी बेअरिंग बदला, सील आणि गॅस्केटही. गिअर मात्र गरजेपुरतेच घ्या. दात झिजला असेल तर मेनशाफ्टचा आणि त्याला लागणारा ले-शाफ्टचा, जोडीनं. नवं-जुनं एकत्र लावलं तर आवाज करतात. सामान नागपुरात वाडीच्या बाजूला ट्रकवाल्या दुकानांत मिळतं. नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात नकली बेअरिंग खपवतात, म्हणून खोक्याऐवजी बेअरिंगवर कोरलेला नंबर जुन्याशी जुळवा आणि पक्कं बिल मागा.

बेअरिंग चढवायला हातोड्याआधी उष्णता वापरा. जुन्या भांड्यात स्वच्छ ऑइल घ्या, बेअरिंग तारेला टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आणि 100 ते 110 अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर लागतोच, धूर निघाला की काम बिघडलं. बंद सीलची बेअरिंग अशी तापवायची नाही. गॅसची ज्योत थेट मारली की लोखंडाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. ठोकायचंच असेल तर जी रेस घट्ट बसते तिच्यावरच, पितळी दांड्यानं. आतली रेस घट्ट बसत असताना बाहेरच्या रेसवर मारलेला फटका गोळ्यांतून जातो आणि बेअरिंग नवं असतानाच जखमी होतं. निडल रोलर घट्ट ग्रीसनं जागी चिकटवा आणि काढताना मोजले तेवढेच बसले का ते मोजा.

कागदी गॅस्केटच्या जागी सिलिकॉन थापणं मला आवडत नाही. काही बॉक्समध्ये गॅस्केटची जाडी शाफ्टची मोकळीक ठरवते, आणि जास्तीचं सिलिकॉन आत पडून ऑइलच्या वाटा बुजवतं. शाफ्टची मोकळीक डायल गेजनं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) मोजा, शिमनं जुळवा. डायल गेज नसेल तर हे एक काम लेथवाल्याकडं नेऊन करून घ्या. झाकण लावायच्या आधी प्रत्येक गिअर हातानं टाकून इनपुट शाफ्ट फिरवा आणि दोन गिअर एकत्र टाकायचा प्रयत्न करा. लागता कामा नये.

परत बसवताना क्लच प्लेट मधोमध धरायला जुना इनपुट शाफ्ट किंवा अलाइनर वापरा. बॉक्स पुढं सरकून बेल हाउसिंग इंजिनला टेकेपर्यंत हातानं गेला पाहिजे. बोटभर फट उरली आणि बोल्ट आवळून ओढायला गेलात तर हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लचचा हब मोडतो. फट राहिली म्हणजे शाफ्टचे दात जुळले नाहीत किंवा टोक पायलट बेअरिंगमध्ये गेलं नाही. मागचा फ्लँज थोडा फिरवा, परत ढकला.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. पितळी रिंगांच्या बॉक्सला साधारण 80डब्ल्यू-90, जीएल-4 दर्जाचं चालतं. दुकानदार डिफरन्शियलचं जीएल-5 पुढं करतो, ‘हे जास्त पॉवरफुल’ म्हणून. त्यातली गंधकाची मिश्रणं पितळेला खातात आणि रिंगेला धरू देत नाहीत. पातळी भराई प्लगच्या काठापर्यंत, सपाट जमिनीवर. पहिले पाचशे ते हजार किलोमीटर हलका माल, मग हे ऑइल गरम असताना काढून नवीन भरा आणि चुंबक परत पाहा.

गाडी कधी ओढत न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट सोडून न्या. इंजिन बंद असताना चाकांनी मेनशाफ्ट फिरतो, पण ले-शाफ्ट उभा असतो, ऑइल वर उडत नाही आणि आताच बसवलेली निडल बेअरिंग कोरडी जळतात.

शेवटी तुम्ही विचारलं की भंगारातला दुसरा बॉक्स घेऊन टाकू का. आतल्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या जवळ जात असेल तर विचार करा, पण आधी इनपुट शाफ्टच्या दातांची संख्या, बेल हाउसिंगची भोकं आणि मागचा फ्लँज तुमच्या बॉक्सशी जुळवा. 407 च्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक असू शकतो. इनपुट शाफ्ट हातानं फिरवा, वर-खाली हलवा, ड्रेन प्लग काढून चुंबक पाहा, आणि वरचं झाकण उघडून तिसऱ्याचे डॉग टीथ टॉर्च मारून पाहा. दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर तो बॉक्स तिथंच ठेवा.